टायरवरची तारीख

टायरवाला : चाकं काढून आणलीत ते बरं केलंत, काका. आता बघा, नक्षी अजून नवीकोरी आहे. नक्षीवर जाऊ नका. बाजूला बोट फिरवा. भेगाच भेगा.

काका : म्हणजे न चालताच गेले म्हण की.

टायरवाला : उभ्या उभ्याच जातात हे. बोटीचा ट्रेलर म्हणजे वर्षातून चार वेळा पाण्यापर्यंत जायचं आणि बाकी वर्षभर अंगणात ऊन खात बसायचं.

काकू : आमच्याकडे सगळ्यांचंच तसं चाललंय.

काका : टोमणा पोचला. तू पुढे बोल रे.

टायरवाला : हा गाडीचा टायर आहे. माप तेच. बसेल व्यवस्थित.

काका : नको. गाडीचा टायर बाजूने मऊ असतो. वर बोट, इंजिन, पेट्रोलची टाकी असं सगळं चढलं की ट्रेलर पिऊन आल्यासारखा डुलायला लागतो. ट्रेलरचाच दे, कडक बाजूचा. वजनाला आपल्याला लागतो त्याहून थोडा वरचा. आणि दोन्ही एकसारखे हवेत.

काकू : स्टेपनी?

काका : स्टेपनीपण तसलीच. ऐन रस्त्यात वेगळा टायर घालून काय करणार?

टायरवाला : काकांना काही शिकवायला नको. हा घ्या, ट्रेलरचाच आहे.

काका : थांब. तारीख बघितल्याशिवाय मी टायर घेत नाही.

टायरवाला : बघा की. कडेला चार आकडे आहेत, आठवडा आणि वर्ष.

काका : मला सांगतोस होय? हं... हा. यंदाचाच आहे. ताजा माल. चढव.

काकू : अहो...

काका : काय?

काकू : जरा उजेडात धरा ना.

काका : उजेडाला काय झालंय? यंदाचा आहे म्हटलं ना.

काकू : भाऊ, दुसरा दाखवता का? याला... याला डाग आहे.

काका : डाग? काळ्या टायरला डाग कसला गं?

टायरवाला : द्या बघू इकडे. अरेच्चा! हा तर जुना निघाला. मागच्या रांगेतला पुढे आला वाटतं. बरं झालं काकू, तुमच्या लक्षात आलं. आतून ताजे आणतो मी. तुम्ही बसा, खुर्ची आहे तिथे.

काका : गेला का तो आत?

काकू : गेला.

काका : किती जुना होता?

काकू : सहा वर्षांचा.

काका : मग मी काय वाचलं?

काकू : वजनाचा आकडा.

काका : डाग म्हणे.

काकू : दुसरं काही सुचलंच नाही पटकन.

काका : सरळ सांगायचंस, चुकलात म्हणून.

काकू : परक्या माणसासमोर? परवा औषधाची बाटली, काल शेजारणीला तिच्या बहिणीच्या नावाने हाक, आज हे. रोज कसला तरी डाग शोधत बसायचं मी. दमले हो मी तुमचे डोळे होऊन. आणि उद्या तुम्ही बोट ओढत मोठ्या रस्त्याला लागणार, आणि मी शेजारी बसून ‘ट्रक आला, ट्रक आला’ करणार. आत्ता इथपर्यंत तेच करत आले.

काका : डॉक्टर फक्त रात्री चालवू नका म्हणाले.

काकू : रात्रीचं तुम्ही म्हणालात. डॉक्टर नुसतं ‘चालवू नका’ म्हणाले. तिथेच होते मी. तेव्हाही गप्पच बसले.

काका : मग काय, विकून टाकू बोट? आणि मी काय करू? घरात बसून तुझ्या डब्यांना झाकणं लावू?

काकू : विका म्हणाले का मी?

काका : पाण्यावर मला काही वाचावं लागत नाही गं. मासा लागला की दोरीवरच्या बोटाला कळतं. वारा गालाला कळतो. माझं म्हणावं असं तेवढंच उरलंय. तेवढं काढून घेऊ नकोस.

काकू : कोण काढून घेतंय? मी चालवीन.

काका : तू? तू मंडईपर्यंत जातेस.

काकू : मंडईत मी जिथे गाडी लावते ना, तिथे तुमची सायकल मावायची नाही.

काका : बोट मागे असताना गाडी मागे घ्यायची म्हणजे भले भले रडकुंडीला येतात. त्यात उतार. खाली पाणी.

काकू : मग शिकवा. का तेही मीच शोधून काढू?

टायरवाला : हे घ्या काका, तिन्ही ताजे. तारीख बघून घ्या—

काका : मला दिसत नाही नीट. हिला दाखव.

टायरवाला : हां... बरं. काकू, हे बघा, इथे.

काकू : हा बरोबर. हाही. आणि हा... हो, तिन्ही यंदाचे.

काका : हवा गाडीच्या अंदाजाने भरू नकोस. टायरवर लिहिलीय तेवढी पूर्ण भर. बेअरिंगचं ग्रीस मी घरी भरीन, ते हाताला कळतं.

टायरवाला : चालेल. ट्रेलर नेणार कधी?

काका : उद्या. ही नेणार आहे.

टायरवाला : काकू? वा! मग उतारावर मागे घेताना एक लक्षात ठेवा, स्टिअरिंग उलटं फिरवायचं—

काका : उलटंबिलटं घालू नकोस तिच्या डोक्यात. हे बघ गं, स्टिअरिंग वर धरायचंच नाही. हात तळाशी. जिकडे हात नेशील तिकडे बोट जाईल.

काकू : एवढंच?

काका : एवढंच. आणि घाई नाही. मागचे ओरडले तर ओरडू देत.

(चाकं डिकीत ठेवून झाली आहेत. दोघं गाडीपाशी.)

काकू : अहो, इकडे कुठे? ही आता माझी बाजू.

काका : आजपासूनच?

काकू : उद्याचा सराव नको का?

काका : हं. जातो पलीकडे.

काकू : सावकाश.

काका : इथे पाय बरेच पसरता येतात की. एवढी वर्षं गाडी आहे, इकडे बसलोच नाही कधी.

काकू : पट्टा लावा.

काका : शोधतोय.

काकू : थांबा, मी लावते.

काका : लावू नकोस. नुसतं सांग, कुठे आहे.