रात्री कोण चालतं?

नात: आजी, विषय बदलू नकोस. काल रात्री दोन वाजता तू कुठं चालत होतीस?

आजी: अगं, मी तुझ्या ताईच्या बाळाचं सांगतेय आणि तुझं आपलं भलतंच! दात येतोय त्याला. खालचा. ताईने फोनवर त्याचं तोंड उघडून दाखवलं, मला काही दिसलं नाही, पण म्हटलं दिसला हो दिसला. उगाच तिचा हिरमोड कशाला?

नात: आजी. रात्री दोन वाजता.

आजी: रात्री दोन वाजता माणूस काय करतं? झोपतं. घोरत असेन मी.

नात: तुझ्या हातातलं घड्याळ मला इथं मोबाइलवर सगळं दाखवतं. दोनला उठलीस, वीस मिनिटं चाललीस. मग परत चारला. तीन आठवडे झाले, रोज हेच. आणि रात्रीची सोडली तर दिवसभराची पावलं किती? चारशे!

आजी: चारशे? चारशे तर माझी दूध आणण्यात होतात! आज सकाळी मैदानाला आठ फेऱ्या मारल्यात. खिशात घेवड्याचे आठ दाणे घेऊन निघते. एक फेरी झाली की एक दाणा या खिशातून त्या खिशात. आठच्या आठ इकडे आलेत, मोजून घे. नाहीतर शेजारच्या कंपाउंडरला विचार, तो असतो बरोबर, गुडघ्याला पट्टा बांधून.

नात: मग घड्याळ खोटं बोलतं?

आजी: मग मी खोटं बोलते? साखर सोडली, तळलेलं सोडलं, संध्याकाळी शेळीसारखी काकडी चावत बसते, आणि वर हे ऐकून घ्यायचं! तू तिकडे ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाक.

नात: आजी, मी चेष्टा करत नाहीये. बाबांनी ते आकडे डॉक्टरांना दाखवलेत. रात्री उठून फिरणं आणि दिवसा हलायचं नाही, हे लक्षण बरं नाही म्हणाले. एकटीला ठेवू नका म्हणाले. बाबा उद्या सकाळी गाडी घेऊन येतायत तुला न्यायला.

आजी: चार दिवस?

नात: नाही. कायमचं.

आजी: आणि माझं घर?

नात: बंद करायचं म्हणतायत.

आजी: बंद करायला ते काय दुकान आहे? माझ्या टोमॅटोला आत्ता कुठं फुलं धरलीत. आणि मला विचारलं का कुणी? घड्याळाला विचारलं! तुझ्या बाबाला मी बोट धरून चालायला शिकवलं, आणि आता तो माझी पावलं मोजतोय.

नात: म्हणून तर जेवायच्या सुट्टीत फोन केलाय. मला तुझी बाजू घ्यायचीय गं. पण घेऊ कशी? मला स्वतःलाच काही कळत नाहीये.

आजी: खरं सांगू? मलाही परवापासून धास्ती बसलीय. तुझा बाबा बोलला तेव्हापासून. म्हटलं, झोपेत चालते की काय मी? म्हणून काल खोलीच्या दारात पीठ पसरून झोपले.

नात: पीठ?

आजी: गव्हाचं. दोन ओंजळी. चालले असते तर पाऊल उमटलं असतं की नाही? सकाळी बघते तर पीठ जसंच्या तसं. एक मुंगी तेवढी गेली होती, ती काही मी नाही.

नात: आणि घड्याळात काल रात्रीही वीस मिनिटं आहेत.

आजी: मग चाललं कोण?

नात: तेच विचारतेय ना मी!

आजी: मला काय विचारतेस? मी झोपले होते!

नात: थांब, थांब. वेळ उलटी लागली असेल का? दिवसाची रात्र झाली असेल. तू सकाळी किती वाजता जातेस?

आजी: साडेसहाला.

नात: मग संध्याकाळी साडेसहाला दिसायला हवं. दोन आणि चार कुठून आले? नाही जुळत. रात्री काढून ठेवतेस का घड्याळ?

आजी: छे. काढू नकोस असं तूच बजावलंयस. आंघोळसुद्धा त्याच्यासकट करते. डोकं चक्रावलंय माझं. उद्या हे घड्याळ म्हणेल मी परदेशात जाऊन आले, आणि तुम्ही माझी बॅग तपासाल.

नात: आजी, बाबांचा जीव वरखाली होतोय म्हणून चाललंय हे सगळं. ते म्हणतात, बाईआजीकडे बघ जरा.

आजी: बघतेच आहे! उठसूट बाई, बाई. तुझ्या आईची आई आहे, माझी विहीण आहे, मुख्याध्यापिका होती, सगळं मान्य. पण म्हणून तिची आरती रोज मी का ऐकायची?

नात: अगं, तिलाही मी अगदी हेच घड्याळ दिलंय, तुला दिलं त्याच दिवशी. नाना जाऊन सातच महिने झालेत, तरी बघ. रोज सात हजार पावलं. रात्री दहाला झोपते, पाचला उठते, मध्ये कूससुद्धा बदलत नाही. एवढ्या दुःखातून कशी उभी राहिली, म्हणतात बाबा.

आजी: शिस्त आहे तिला. मी फोन केला की एकच वाक्य. "मी मजेत, तुमचं सांगा." मग मी माझं रडगाणं गाते आणि ती मला धीर देते. नवरा तिचा गेलाय आणि धीर मला!

नात: आजी, एक काम कर. फोन कानाला धर आणि घरात चाल. मी इथं आकडा बघते.

(आजी फोन घेऊन दिवाणखान्यात फेऱ्या मारते. सपातांची फटफट ऐकू येते.)

आजी: वाढला का?

नात: नाही. सकाळपासूनची चारशे बारा. आणखी चाल.

आजी: टेबलाला तीन वेढे झाले. आता?

नात: चारशे बाराच. काय हे... आजी, थांब बरं. हं, आता चाल. थांब. परत चाल.

आजी: बैल आहे का मी?

नात: आजी, तुझा आकडा हलत नाहीये. बाईआजीचा हलतोय.

आजी: म्हणजे?

नात: तू चाललीस की तिचा वाढतो. थांबलीस की थांबतो.

आजी: ती तिच्या गावी, मी माझ्या घरात. मी चालून तिची पावलं कशी पडतील? चल, काहीतरीच!

नात: आठव बरं. तू हे घड्याळ एकदाही काढलं नाहीस?

आजी: नाही म्हटलं ना. एकदा फक्त, तू दिलंस त्याच दिवशी, ताईकडे सगळे जमलो होतो तेव्हा. बाळाला आंघोळ घालायची होती. त्याला ओरखडा नको म्हणून काढून फ्रिजवर ठेवलं.

नात: आणि बाईआजीने?

आजी: तिनेही काढलं. फ्रिजवरच. दोन्ही काळी, दोन्ही... अगं बाई!

नात: तीन आठवडे झाले त्याला!

आजी: म्हणजे हे हातात आहे ते तिचं?

नात: तिचं! सात हजार पावलं तुझी आहेत, आजी. दहा ते पाच झोपही तुझीच.

आजी: म्हणजे तुझा बाबा इतके दिवस माझंच कौतुक मला ऐकवत होता? आणि डॉक्टरनी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली!

नात: सुटलीस तू! मी आत्ता बाबांना फोन करते. गाडी नको, काही नको. घर बंद करायचा प्रश्नच नाही. आजी? ऐकतेयस ना?

आजी: ऐकतेय. चिमणे, मग दोन वाजता कोण चालतं?

नात: अं?

आजी: दिवसाला चारशे पावलं कुणाची?

नात: अरे देवा.

आजी: दोन आणि चार म्हणालीस ना? रोज?

नात: रोज. एक दिवसही चुकलेला नाही.

आजी: तुझे नाना तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले. दोनला त्यांची कूस बदलायची, चारला औषध द्यायचं. बाळाला पुसता पुसता सांगत होती मला, अंगाखाली हात कसा घालायचा म्हणजे माणसाला दुखत नाही. हसत सांगत होती. ती अजून उठते गं.

नात: आणि आम्ही सगळे म्हणत होतो, कशी सावरली.

आजी: मला लाज वाटते. मी हेवा करत बसले तिचा.

नात: मी आईला सांगते. आई उद्याच जाईल तिच्याकडे.

आजी: गेली होती ना आई? दोन दिवसांत परत पाठवली. "मला सांभाळायला कुणी नको," म्हणाली. जन्मभर दुसऱ्यांना सांभाळलंय तिने, स्वतःला सांभाळून घ्यायचं तिला जमत नाही.

नात: मग काय करायचं?

आजी: बाबाला येऊ दे उद्या. गाडी लागेलच.

नात: तू जाणार? आत्ता तर घर सोडायला तयार नव्हतीस.

आजी: महिनाभर तिच्याकडे जाते. टोमॅटोला कंपाउंडर पाणी घालेल. तेवढेच त्याचे गुडघे हलतील.

नात: ती तुलाही परत पाठवेल, आजी.

आजी: नाही पाठवणार. तू तिला फोन कर आणि सांग, आजीची झोप उडालीय. रोज दोन वाजता उठून घरभर फिरते, डॉक्टरनी एकटीला ठेवायला नको म्हटलंय. बाईआजी, तू जरा सांभाळशील का?

नात: ती ताबडतोब हो म्हणेल.

आजी: म्हणेलच.

नात: पण आजी, तू दहाला आडवी झालीस की पाचपर्यंत ढाराढूर. पहिल्याच रात्री उघडं पडेल सगळं.

आजी: या घड्याळाला गजर लावता येतो का गं?

नात: येतो. मी इथूनही लावू शकते. दोनचा लावू?

आजी: पावणेदोनचा लाव. मला जाग यायला वेळ लागतो.