प्रागच्या पुलावर अण्णांनी चपला काढल्या

ठणण्!

मंडळी, दचकू नका. टाळ नाही वाजला, घंटाही नाही. पाण्याचा पेला पडला! कऱ्हाडात, गुळवणी गुरुजींच्या घरी, भर दुपारी. नात झोपली होती, घर कसं शांत होतं, आणि त्या शांततेत स्टीलचा पेला ठणठणत गेला तो थेट कपाटाखाली.

तुम्ही म्हणाल, पेला काय आमच्याकडे पडत नाही? पडतो की. आणि पडला की आपण पहिलं काय विचारतो? "कुणी पाडला?" गुरुजींच्या सुनेनं, मंजिरीनं, तसं विचारलं नाही. तिनं पाहिलं, की पेला अण्णांच्या उजव्या हाताशी वीतभर अंतरावर होता, आणि अण्णांना तो दिसलाच नव्हता.

थांबा. पेला राहू दे तिथंच, कपाटाखाली. आधी मला एक सांगा. तुम्ही देवाच्या दर्शनाला जाता. तीन-तीन तास रांगेत उभे राहता, पुढच्याच्या पाठीला नाक लावून. आणि शेवटी देव समोर आला की काय करता? डोळे मिटता! अहो, मग तीन तास कशाला ताटकळलात? डोळे मिटायला घरी जागा नव्हती?

हसा, हसा. मीही तेच करते. पण मग पाहणं म्हणजे नेमकं काय? डोळे उघडे ठेवले की पाहून होतं का? आज एवढा एकच प्रश्न सोडवायचा. आणि त्यासाठी मी तुम्हाला काशीला नेणार नाही, रामेश्वरलाही नेणार नाही. नेणार आहे प्रागला! सामान आवरा. मागच्या रांगेतल्या वहिनी, तो मोबाईल पर्समध्ये टाका. त्याचं तिकीट काढलेलं नाही.

तर हे दामोदर गुळवणी गुरुजी. घरच्यांचे अण्णा. चौतीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्याकडे न बघता युरोप काढायचे! तोंड मुलांकडे, हात मागे, आणि फळ्यावर नॉर्वेच्या किनाऱ्याची नक्षी उमटत जायची. प्राग आलं की निळा खडू घ्यायचे. व्हल्टावा नदी, तिच्यावर जुना दगडी पूल, सोळा कमानी, सहाशे वर्षांहून जुना. एकदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, गुरुजी, तुम्ही पाहिलाय का हो तो पूल? अण्णा म्हणाले, "अजून नाही."

मंडळी, हा 'अजून' फार चिवट शब्द आहे. माणूस निवृत्त होतो, 'अजून' होत नाही.

शेवटी मुलानं, निरंजननं, सहलीत नाव घातलं. त्याला रजा मिळेना, म्हणून ठरलं की अण्णा, मंजिरी आणि सहा वर्षांची रेवा, तिघांनी जायचं. बारा दिवस, सात शहरं. आणि निघायला तीन आठवडे उरले असताना, ठणण्!

मंजिरी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू. नजर कडेकडेनं विझत आलेली, मधोमध तेवढी उरलेली. नळीला डोळा लावून बघावं तशी. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येणार नाही, उरलेली जपायची. प्रवास करा, पण थेंब चुकवू नका आणि एकटे फिरू नका.

रिक्षानं परत निघाले. घराच्या वळणावर अण्णा म्हणाले, "मंजिरी, निरंजनला आत्ता सांगू नकोस. तो तिकिटं रद्द करेल. आणि सहलवाल्यांना कळलं, तर मला प्रत्येक गावात बसमध्ये बसवून ठेवतील. परत आलो की मीच सांगेन."

आता काय करावं हो त्या सुनेनं? नवऱ्यापासून लपवायचं? सासऱ्याची चौतीस वर्षांची इच्छा मोडायची? तिनं 'बरं' म्हटलं. एवढंसं 'बरं', पण विमानात सामानाच्या वजनात धरलं असतं तर तेच सगळ्यात जड निघालं असतं!

निघाले. एकवीस माणसं, आणि म्होरक्या निनाद नावाचा तरतरीत मुलगा, हातात केशरी छत्री. छत्री वर गेली की चालायचं, खाली आली की थांबायचं. आपल्या मंडळींत होते बारामतीचे मोहोळकर काका, हार्डवेअरचं दुकान. या काकांना जगातली एकही गोष्ट पहिल्यांदा दिसायची नाही! आल्प्स पाहिला, म्हणाले, आमच्याकडून वरंध घाटात जा, हेच आहे. कालवा पाहिला, म्हणाले, नीरेचा कालवा याहून रुंद. त्यांच्या मिसेस, नलूकाकू, नुसत्या म्हणायच्या, "मग बारामतीतच राहायचं होतं की."

प्रागला आले. चौकातल्या मोठ्या घड्याळासमोर ही गर्दी! तास पडायच्या वेळी त्या घड्याळात खिडक्या उघडतात, संतांच्या मूर्ती एकामागून एक सरकत जातात, हाडांचा सापळा घंटा वाजवतो आणि शेवटी सोन्याचा कोंबडा आरवतो. सगळ्यांचे मोबाईल वर. मंजिरीचाही वर. तिनं तर मनाशी पक्कंच केलं होतं, अण्णांचं जे जे बघायचं राहील ते ते फोटोत धरायचं, घरी मोठं करून दाखवायचं. सातव्या दिवसापर्यंत चौदाशे फोटो झाले होते!

कोंबडा आरवला. मोबाईल खाली आले. मोहोळकर म्हणाले, "एवढंच? आमच्या कारखान्याचा भोंगा याहून जास्त वेळ वाजतो."

अण्णा मान वर करून उभेच. त्या नळीत त्यांना काय सापडलं असेल? एखादी खिडकी? अर्धा कोंबडा? मंजिरीनं हळूच विचारलं, दिसलं का? अण्णा म्हणाले, घंटा छान वाजते.

कळलं ना तुम्हाला? तिलाही कळलं.

आता उरला पूल. निनादनं सांगितलं, पुलावर पंचवीस मिनिटं, मग बस. पंचवीस मिनिटं! ज्याची चौतीस वर्षं वाट पाहिली त्याला पंचवीस मिनिटं! पण काय बोलणार? केशरी छत्री वर गेली होती.

पूल चढले. लांबच लांब दगडी पूल, दोन्ही कठड्यांवर संतांचे पुतळे. रेवानं अण्णांचं बोट धरलेलं. एका पुतळ्यापाशी छत्री खाली आली. निनाद सांगू लागला. या संताची कथा त्या गावात अशी सांगतात, की हे राणीचे पुरोहित होते. राणी आपल्या मनातलं त्यांच्यापाशी बोलायची. राजाला संशय. त्यानं विचारलं, राणी काय बोलली ते सांगा. संत म्हणाले, ते माझ्यापाशी ठेवलेलं आहे, ते माझं नाही, मी सांगणार नाही. राजानं त्यांना नदीत बुडवलं. पण शब्द फुटला नाही!

अण्णा मंजिरीच्या कानाशी वाकले आणि हसत म्हणाले, "तुझ्या गावचा माणूस भेटला बघ."

मंजिरीला हसू आलं.

त्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर धातूत उठावानं कोरलेलं एक चित्र आहे, त्याला हात लावला की पुन्हा प्रागला येणं होतं, असं म्हणतात. रांग लागली. पुढे अण्णा. आणि अण्णांनी काय करावं? पुढे झाले, थांबले, आणि वाकून चपला काढल्या!

कुणी सांगितलं होतं का? नाही. अहो, संताला हात लावायचा तर पायात वहाणा ठेवून लावायचा? गुरुजींनी काढल्या म्हणून नलूकाकूंनी काढल्या. नलूकाकूंनी डोळे वटारले म्हणून मोहोळकरांनी बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. बघता बघता कठड्याला लागून आपल्या एकवीस माणसांची बेचाळीस पायताणं! आणि गंमत पुढेच आहे. मागे एक उंच गोरं जोडपं उभं होतं. त्यांनी हे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, इथली हीच रीत असणार असं ठरवलं, आणि मुकाट्यानं खाली बसून गुडघ्यापर्यंतचे बूट ओढू लागले! त्यांच्या मागच्यांनीही काढले. निनादनं कपाळाला हात लावला. दहा वेळा आला होता प्रागला, पण पुलावर चपलांची रांग त्यानं पहिल्यांदाच पाहिली.

तर अण्णा पुढे झाले. आपल्या सवयीनं डोळे मिटले. हात पुढे केला आणि दगडावर ठेवला. नुसत्या कोऱ्या दगडावर. चित्र हातभर पलीकडे. अण्णांनी डोळे उघडले, चाचपतायत, बोटं फिरवतायत, पण चित्र काही लागेना. आणि रेवा, लहानच ती, मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, तिकडे आहे चित्र. तुम्हाला दिसत नाहीये का?"

मंडळी, पुलावर शेकडो माणसं होती. पण आपल्या एकवीस जणांत असं शांत झालं, की आत्ता पेला पडला असता तर ऐकू आला असता.

अण्णा सगळ्यांकडे वळले. म्हणाले, "नाही बाळ. फारसं दिसत नाही. बरेच दिवस झाले."

निनाद गांगरला. त्याचंही चुकलं नाही हो, जबाबदारी त्याची. तो म्हणाला, आधी सांगायला हवं होतं, आता घरी फोन करावा लागेल, पुढच्या गावांत आजोबांनी बसमध्ये थांबलेलं बरं. जिची भीती होती तीच गोष्ट! मंजिरीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण अण्णांनी हातानं थांबवलं. वर्गात थांबवायचे तसं.

"बसतो बसमध्ये," अण्णा म्हणाले. "पण त्याआधी मला हा पूल कुणीतरी सांगा. पाणी कुठल्या बाजूला वाहतंय?"

कुणाला ठाऊक? एकालाही नाही! सगळ्यांनी नदीचे फोटो काढले होते. नदीसोबत स्वतःचे काढले होते. पाणी कुठं चाललंय हे कुणी पाहिलं नव्हतं. निनाद, दहा वेळा आलेला निनाद, एका कठड्यावरून वाकला, वाहत आलेलं एक पान पुलाखाली शिरताना पाहून दुसऱ्या कठड्याशी धावला, आणि ते तिथून बाहेर निघालं तेव्हा म्हणाला, "तिकडे, आजोबा. तुमच्या उजव्या हाताला."

"म्हणजे उत्तरेला," अण्णा म्हणाले. "बरोबर. पुढे एल्बे नदीला मिळते."

मग मोहोळकर पुढे आले. अनवाणी, पँट दुमडलेली. म्हणाले, मी सांगतो गुरुजी, तो समोरचा डोंगर, त्यावरचा किल्ला, आमच्याकडे कसं… आणि थांबले. खूप वेळ पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "नाही गुरुजी. असं आमच्याकडे काही नाही. लाल कौलं आहेत, एकावर एक चढत गेलेली. वर काळे दोन मनोरे, टोकदार. आणि एका गच्चीवर एक बाई चादर झटकतेय."

नलूकाकूंनी अण्णांचा हात धरून त्या चित्रावर नेऊन ठेवला. सांगू लागल्या, सगळं काळं पडलंय, पण जिथं माणसांचे हात लागलेत तेवढं झळाळतंय, नुकत्या घासलेल्या समईसारखं. अण्णांनी बोटं फिरवली. म्हणाले, हा कुत्रा का? होय, कुत्राच होता! शेजारी त्याला कुरवाळणारा शिपाई. मग कुणी नदीतले हंस सांगितले, कुणी संताच्या डोक्याभोवतीचे पाच तारे मोजून सांगितले. मोबाईल सगळे खिशात. कारण सांगायचं तर आधी बघावं लागतं ना!

अण्णा अनवाणी उभे होते. तळव्यांनी दगड चाचपत म्हणाले, ऊन शोषलंय यानं, कोमट आहे. हे मला नकाशात कधी कळलं नव्हतं.

आणि पंचवीस मिनिटं? गेली उडत! निनादनं छत्री मिटून काखेत धरली होती. त्यानं घरी फोन लावला खरा, पण लावून अण्णांच्याच हातात दिला. अण्णांनी मुलाला सगळं सांगितलं, डोळ्यांचं, डॉक्टरांचं, आणि सुनेला आपणच गप्प बसवलं होतं तेही. मग निरंजननं विचारलं, "अण्णा, पूल कसा आहे?"

त्यानंतर राहिलेल्या तीन गावांत गुरुजी एकदाही बसमध्ये बसले नाहीत. मोहोळकरांनी पाळ्या लावल्या. सकाळी कोण सांगणार, दुपारी कोण सांगणार. आणि निनादसकट सगळ्यांचं एकमत, की सहल पाहिली ती या तीन गावांत. आधीच्या गावांत नुसतं जाऊन आलो.

तर मंडळी, देवापुढं आपण डोळे का मिटतो? मला वाटतं, पाहिलेलं आत पोचलंय का, हे तपासायला. मिटल्यावर काही उरलं तर पाहिलं. नाही उरलं तर नुसते डोळे उघडे होते! मग आज घरी गेल्यावर एवढं करा. डोळे मिटा आणि सांगा, तुमच्या आईच्या चष्म्याची काडी कुठल्या रंगाची? तुमचे यजमान समोरून येतात तेव्हा आधी कुठला पाय टाकतात? हसू नका, काका. तुम्हालाही आहे हा पेपर.

मंजिरीलाही होता. त्याच संध्याकाळी, हॉटेलच्या खोलीत. दिवसभराचा खेळ रेवाच्या अंगात भिनलेला. आईला पलंगावर बसवलं, म्हणाली, डोळे मीट, मी विचारते. माझा फ्रॉक कुठला? पिवळा, ठिपक्यांचा. बरोबर! माझी रिबीन? लाल, आणि एकच, दुसरी पुलावर पडली. बरोबर! अण्णा खुर्चीत बसून गालात हसत होते. त्यांना उत्तरं सगळी येत होती.

मंजिरीच्या फोनमध्ये सात दिवसांत रेवाचे तीनशे फोटो होते. सगळे तोंड भरून हसतानाचे. रेवा आईच्या मांडीवर चढली, तिच्या मिटल्या पापण्यांवर आपले दोन्ही तळवे घट्ट ठेवले, आणि विचारलं,

"आता सांग. माझा कुठला दात हलतोय?"