मॉम टॅकेटनी विझवलेली मेणबत्ती

आदरणीय अध्यक्षा मिसेस हॅलोरन, व्यासपीठावरील ज्येष्ठ भगिनी, समोर बसलेल्या मुलींनो, आणि आज निवृत्तीनिमित्त ज्यांना आपण निरोप देतोय त्या, या घरात राहून मुलींना आईसारखं सांभाळणाऱ्या हाऊसमदर, आपल्या मॉम टॅकेट,

मी या भगिनीमंडळाची सभासद नाही. दचकू नका, मला रीतसर आमंत्रण आहे! माझी जुळी बहीण टेसा इथली. निवडीच्या आठवड्यात ही मंडळं आपापल्या घरात राहायला नव्या मुली निवडतात; तिला बोलावणं आलं, मला नाही. आणि आपल्या कॉलेजात ज्याला असं घर नाही, त्याला शनिवारची संध्याकाळ तरी कुठे असते? नाच, सामने, मैत्रिणी, सगळं या घरांच्या दारांतून जातं. मी बाहेर पायरीवर बसून टेसाची वाट बघायची. नाताळानंतर कॉलेजात परतायचंच नाही, असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात मेणबत्तीचा कार्यक्रम आला. मुली गोल उभ्या राहतात, पेटती मेणबत्ती हातोहात फिरते, जिचं लग्न ठरलं ती फुंकर मारते. टेसानं मला सगळं नंतर सांगितलं. मेणबत्ती मॉमच्या हातात आली आणि मॉमनीच विझवली! पन्नाशीच्या विधवा बाई! मुली किंचाळल्या, "अगं बाई! मॉम, कोण आहे तो?"

"कुणी नाही गं. मी नोकरी सोडतेय. बाहेर बसलेल्या पोरीला दोन घास खायला आत घेता येत नसेल, तर तुमच्या टेबलाशी मला बसायचं नाही."

तेव्हाची मंडळप्रमुख लेसी म्हणाली, "पण मॉम, नियमात बसत नाही."

"नियम सभासद करून घ्यायचा आहे. जेवायला कसला आलाय नियम?"

मुलींनी हार मानली, मॉम राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशेजारी जेवायला बसले. सगळ्या आपापल्या ताटात बघत जेवत होत्या, माझं ताट रिकामंच. शेवटी लेसीनंच बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. "घे ना गं, गार होतंय."

मी कॉलेज सोडलं नाही. पुढल्या वर्षी मलाही बोलावणं आलं, तर मी नको म्हटलं. मॉम अशा भडकल्या! "डोकं फिरलंय का तुझं? मी नोकरी पणाला लावली होती!"

मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठे सभासद आहात?"

"मी कॉलेजची पायरीच कधी चढले नाही, बाळ. मला कोण विचारणार?" एवढंच बोलल्या. खूप वाईट वाटलं मला.

मंडळींनो, काल या घरानं एकमतानं ठरवलंय, मॉम टॅकेटना सभासदत्वाचा बिल्ला द्यायचा. तो लावायचा मान माझ्यासारख्या उपरीला दिलात, मी सगळ्यांची मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

मॉम, उठा. विचारलंय तुम्हाला. आणि रडू नका हो, हललात तर बिल्ला वाकडा लागेल.