मनुबाईंच्या नावाचा कार्बोरेटर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय नानासो, सत्कारमूर्ती डॉक्टर गंगाधरपंत, सौभाग्यवती सुहासिनीवहिनी, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर, आणि भाषणांनंतर चहा आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या सातारकर बंधुभगिनींनो,

डॉक्टरांच्या सेवेबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. ज्यांना गुण आला ते बोलले. ज्यांना आला नाही ते आज येण्याच्या स्थितीत नाहीत. मी सुकुमार, मोटारीच्या सामानाचा दुकानदार. मला कळतं ते इंजिन. तेव्हा मी डॉक्टरांच्या मोटारीबद्दल बोलतो. अध्यक्षमहाराज, आत्ताच घंटीकडे हात नेऊ नका, तुमचाही नंबर येणार आहे.

डॉक्टर आणि नानासो यांनी वीस वर्षांपूर्वी पुण्याहून एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या दोन मोटारी आणल्या. जुळी भावंडं जणू. पुढं लढाई आली, पेट्रोल मिळेनासं झालं. दोघांनी गाड्यांना कोळशाच्या गॅसची टाकी बसवली आणि पेट्रोलचे पितळी कार्बोरेटर उतरवून ठेवले. डॉक्टरांच्या घरी तेव्हा नुकतीच चोरी झालेली, म्हणून दोन्ही कार्बोरेटर नानासोंच्या घरी, त्यांच्या मंडळी मनुबाईंच्या भांड्यांच्या पेटीत गेले.

लढाई संपली, कार्बोरेटर पुसून न बघताच परत चढले. नानासोंची गाडी मांजरासारखी गुरगुरू लागली. डॉक्टरांची खोकू लागली, आणि पेट्रोल इतकं गळायचं की डॉक्टर विडी ओढायला शंभर पावलं लांब जात. डॉक्टरांनी निदान केलं, की अदलाबदल झाली. नानासो म्हणाले, मी चोर काय? झालं! पंचवीस वर्षांची दोस्ती, आणि वर्षभर दोघं एकमेकांना बघून रस्ता बदलत होते. साताऱ्यात रस्ते तरी किती? शेवटी शेवटी दोघांना घराबाहेर पडणं मुश्कील झालं.

आता डॉक्टर लेकीकडे, सांगलीला विश्रामबागेत, कायमचे निघाले. उद्या सकाळी, त्याच गाडीनं. नानासोंशी न बोलताच जायचं म्हणाले. तेव्हा चार लोकांनी मला पंच नेमलं: कुठला कार्बोरेटर मूळचा कुणाचा ते ओळखून द्या. परवा दोन्ही गाड्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

दोघंही छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझी गाडी कंपनीतून आली तशी आहे." मी दोन्हींची बॉनेटं उघडली. मूळ वायरीवर सुती विणीचं वेष्टन असतं, त्यात एक रंगीत धागा. डॉक्टरांच्या वायरींना जखमेवर लावायची चिकटपट्टी होती आणि मधला एक तुकडा दवाखान्याच्या घंटीचा. नानासोंच्या वायरींना फेट्याच्या चिंध्या. रंगीत धागा दोन्हीकडे मिळून बोटभर सापडला. त्यावरून काय निवाडा करणार?

राहिला कार्बोरेटरवरचा नंबर. दोन्ही उतरवले, पुसले, उजेडात धरले. कंपनीचं नाव गायब, नंबर गायब. तिथं कानशीनं घासून गुळगुळीत केलेलं, आणि वर ठसठशीत अक्षरं: सौ. मनुबाई नानासो, सातारा. एकावर नव्हे, दोन्हींवर!

मंडळी, आपल्याकडे भांड्यांवर नाव घालणारा दारात आला की बायका पेटी रिकामी करतात. मनुबाईंनीही केली. त्यानं तांब्यावर घातलं, पेल्यावर घातलं, आणि ही दोन तोंडं असलेली भांडी कसली, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. पंच म्हणून मी हात टेकले.

मनुबाईंना बोलावणं धाडलं. त्या आल्या, दोन्ही उलटेपालटे करून बघितले.

"दोनीवर माजंच नाव हाय न्हवं? मंग दोनी माजीच," त्या म्हणाल्या. न गळणारा उचलून त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिला. "डाक्टर, ह्यो तुमी न्या. पर भांडं माजं हाय. परत आणून द्यायाचं."

नानासोंनी आपल्या गाडीचं काय होणार ते विचारलं. मनुबाईंनी गोठ्यातल्या बैलांची आठवण करून दिली.

डॉक्टरांनी विचारलं, "कधी परत करू?"

"कवाबी. पर दुसऱ्याचं भांडं रिकामं देत न्हाईत, ठावं हाय न्हवं? वहिनीस्नी गाडीत बसवून आणा, म्हंजी भरलं."

डॉक्टरांसोबत आलेल्या वहिनींनी पदर डोळ्याला लावला. मीही डोळे पुसले आणि दोष पेट्रोलच्या वासावर ढकलला. आणि नानासो, गाडीच्या चाकाकडे बघत, वर्षातलं पहिलं वाक्य डॉक्टरांशी बोलले: "कराडपत्तुर दमानं जा, गड्या. चढाला त्येला घाई केल्याली खपत न्हाई." मग बाह्या सरसावून त्यांनी तो कार्बोरेटर स्वतःच्या हातानं डॉक्टरांच्या गाडीला बसवला. कुणाचा कुठला होता, हे मला आजही ठाऊक नाही. विचारूही नका.

आयोजकांचे, अध्यक्षांचे आणि इतका वेळ खुर्ची न सोडणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल तर पोटात घाला. ज्यांना टोचलं नाही त्यांचीही माफी मागतो, वेळ कमी पडला. डॉक्टर, ही शाल आणि हा नारळ तुमचा, खुशाल ठेवून घ्या. भांडं तेवढं परत आणा, आम्ही वाट बघतोय.