निरोगी रक्ताची नळी

— अहो, हाताकडे बघू नका म्हटलं ना! तिकडे बघा, खिडकीकडे. मूठ आवळा. घट्ट हो, जावईबापू, अशी तर तान्हं बाळही आवळतं! लग्न व्हायचंय अजून, ठाऊक आहे मला, तरी मी जावईबापूच म्हणणार, सवय लावून घ्या. सासूला जेवायला न्यायला आलात आणि सासूनं सुई काढली — काय म्हणत असाल मनात! पण आमच्या लॅबचे सर सकाळपासून मागे लागलेत, कुणीतरी तरुण, धडधाकट, सर्दी नाही खोकला नाही असा आजच्या आज हवा, आणि तेवढ्यात तुम्ही दारात उभे. आयताच बकरा. घाबरता काय, दोनच तर नळ्या. छकुलीला सांगा, तुझ्या आईनं लग्नाआधीच माझं रक्त प्यायला सुरुवात केली.

कशाला म्हणजे? आजारी माणसाचं रक्त तपासायचं तर शेजारी निरोगी माणसाचं ठेवायला नको? त्याशिवाय फरक कळणार कसा? आणि निरोगी माणूस शोधायला बाहेर कोण जातंय — जो हाताशी सापडेल त्याच्या दंडाला पट्टा बांधायचा. सरांना सुई बघितली की घेरी येते, पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना बारा महिने सर्दी, उरलं कोण? मी. या खोलीतलं निरोगी रक्त म्हणजे माझं, कायमचं. नळीवर नावसुद्धा घालत नाहीत, नुसतं ‘निरोगी’. छकुली लहान असताना शाळेत सांगून आली होती, माझी आई निरोगी म्हणून नोकरी करते! — अं? मग आज तुमचं कशाला? आज... आज माझं चालत नाही. म्हणजे, बदल नको का कधीतरी? हलू नका, दुसरी नळी लावतेय.

त्यापेक्षा या मशीनच्या पडद्यावर बघा, मन रमेल. एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी. हा मोठा ढग दिसतो ना, या आपल्या नेहमीच्या टी पेशी. लढवय्या, पण नियमाच्या पक्क्या. समोरच्या पेशीनं ओळखपत्र दाखवायचं, यांनी ते निरखायचं, खोटं निघालं तरच हात उचलायचा. आणि कॅन्सर कसला बेरकी! तो ओळखपत्र खिशातून काढतच नाही. की बसल्या या हात चोळत. आता हे खाली, कोपऱ्यात चिमूटभर ठिपके — या गॅमा-डेल्टा. याही टी पेशीच, पण घराण्यातल्या विक्षिप्त. यांना ओळखपत्र-बिळखपत्र लागत नाही, समोरच्याचा चेहरा पाहूनच कळतं, याचं आत काहीतरी बिघडलंय. आमच्या मोठ्या जाऊबाई अगदी तशा. आपण म्हणावं ‘मजेत आहे’, त्या म्हणणार, ‘खोटं नको बोलूस, काय झालंय ते सांग.’ छकुलीनं हा गुण त्यांचाच उचललाय, जपून राहा! पूर्वी आम्ही मोजायला ढगाभोवती रेघ ओढायचो आणि कोपऱ्यातल्यांना कचरा म्हणून सोडून द्यायचो. आता सगळ्यांना त्यांचाच पुळका. तशा सगळ्याच गुणी नसतात हं, काही फितूर होऊन कॅन्सरलाच हात देतात — कुठल्या घराण्यात नसतो असा एखादा?

हा दुसरा फोटो? बरोबर पाहिलंत, यात कोपऱ्यात झुंबड आहे. ही आमची एक बाई आहे. पेशंट. तिची तर गंमतच झाली. नळी नेहमीसारखी ‘निरोगी’च्या रॅकमध्ये ठेवलेली, मशीनला लावली तर हे! सर मशीनवर भडकले. मशीन धुतलं, पुसलं, नवीन नळी घेतली, पुन्हा लावलं — पुन्हा झुंबड. तेव्हा सर हसत हसत म्हणाले, काय हो, बऱ्या आहात ना? ठिपक्यांवरून कॅन्सर कळतो असं नाही बरं का, साध्या तापानंही या वाढतात, उगीच बाहेर सांगत सुटाल. पण बाईला आपलं आठवलं, काखेशी एक गाठ हाताला लागतेय, आणि आपण रोज म्हणतोय, असेल काहीतरी, जाईल. गेली दाखवायला. निघालं तेच. पण लहान आहे! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर आलात, पुढच्या आठवड्यात काढून टाकू. आणि सर तर अर्धे रडत, अर्धे खुशीत — म्हणे, तुमच्या गाठीत ही कोपऱ्यातली मंडळी लढायला उतरलेली असली तर सोन्याहून पिवळं, तो तुकडा आपल्याच मशीनवर बघू. किती हसलो आम्ही! तर ही बाई काय म्हणाली असेल? म्हणाली, इतक्यात नाही, आधी लग्न होऊन जाऊ दे. तो पुढचा आठवडा कधीच मागे पडला. आता घरात कार्य, आमंत्रणं गेलेली, पोरगी कशी फुललीये, आणि मी ऐन वेळी तिच्या तोंडावर —

ती. ती बाई. तिच्या मुलीच्या तोंडावर. निघाली बघा सुई, कळलं तरी का? हा कापूस दाबून धरा. — असे काय बघताय माझ्याकडे?

पेशंटची नळी ‘निरोगी’च्या रॅकमध्ये कशी? अहो... होतं कधीकधी. दाबा म्हटलं ना, शर्टाला डाग पडेल! — बरं. बरं बाबा. मीच ती. झालं समाधान? छकुलीनं साधाभोळा मुलगा शोधलाय म्हणत होते, हा तर कोपऱ्यातलाच निघाला. पण ऐका माझं. थोडे दिवस तर राहिलेत. तुमचं लग्न लागेल, तुम्ही फिरून याल, तोवर मी गुपचूप उरकून घेईन. डॉक्टरीणबाई रागावल्यात, हो, अजिबात थांबू नका म्हणाल्यात. कळतं हो मला, याच खोलीत जन्म गेला माझा, मला नाही कळणार? पण भीती वाटते. गाठीची वाटते, खोटं कशाला बोलू, पण त्याहून तिचं हसणं थांबेल याची. बाप गेला तेव्हा वर्षभर हसली नव्हती पोर. आता गाणी म्हणत भांडी घासते, तीही बेसूर, आणि मी आतल्या खोलीत बसून ऐकते.

लग्न पुढे ढकलायचं? छे! लोक काय म्हणतील? — आधी ऑपरेशन, मग लग्न, आणि मी पहिल्या रांगेत खुर्चीवर? उशी पाठीला लावून? हं. तुम्ही आणून द्याल उशी? काहीतरीच तुमचं... फोन खाली ठेवा. अहो, कापूस पडला, रक्त येतंय तुमच्या हातातून! कुणाला लावताय? जावईबापू, माझी शपथ आहे, एक शब्द जरी बोललात तर — लागलासुद्धा? द्या. द्या इकडे. मी सांगते, मी नीट सांगते.

हॅलो, छकुली? अगं, काही नाही, तुझा होणारा नवरा आलाय ना, त्याचं रक्त काढलं. शूर निघाला हो! जेवायला निघतोच आहोत आम्ही. — आवाज? आवाजाला काय झालंय माझ्या? मजेत आहे मी.

...

नाही गं. खोटं कुठे बोलतेय —

...

ये. तू ये इकडे.