दहा मिनिटांचं काम

नाही नाही, पात्राव, मालक, ऐका माझं — हीटरची ती जाळी मी झाळून देणार नाही. झाळता येत नाही असं नाही, पण कशाला? पोर्तुगीजांच्या वेळी बोटीतून आलेली जर्मन गाडी, तिकडच्या बर्फासाठी केलेली — आमच्या साखळी गावात हीटर कोणाला पाहिजे? इथे माणूसच उकडून निघतो! इंजिनाचं गरम पाणी दोन पायपांतून आत येतं, जाळीतून फिरतं, परत जातं. जाळी फुटलीय म्हणून तुमच्या पायांवर पाणी. ते दोन पायप बाहेरच एकमेकांना जोडायचे, झालं! दहा मिनिटांचं काम. काय म्हणता? पणजीच्या मेकॅनिकनं हळद टाकली? रेडिएटरात? कोण तो भिकार... नाही, शिवी नाही देत. बसा. तो स्टूल घ्या.

हळदीची पद्धत आहे आमच्याकडे, मला काय ठाऊक नाही? मूठभर टाकली की छिद्र बुजतं — चार दिवस. मग तीच हळद रेडिएटरात गच्च बसते, पाणी फिरत नाही, चढावर इंजिन तापतं. माझ्या धाकट्या भावाला, शिवदासला, ही विद्या मीच शिकवलेली. त्याची अशीच गाडी होती, टॅक्सी. दोन वर्षं झाली. ते भाषेचं आंदोलन तुम्ही मुंबईत पेपरात वाचलं असेल — राजभाषा कोंकणी की मराठी. तो कोंकणीवाला, मी मराठीवाला. एका आईच्या पोटचे! घरात दोघंही आमची तीच बोली बोलायचो, आई शिव्या घालायची तीही त्याच बोलीत — पण सभा आली की तो तिकडे, मी इकडे. अबोला. पाच महिने. मग मे महिन्यात एक दिवस गाडी घेऊन आला, तुम्ही बसलाय ना, तिथे उभा राहिला. बायको गाडीत, चंद्रावती, पाय वर घेऊन बसलेली — खाली पाणी. म्हणाला, "दादा, उदक गळटा. मातशें पळय रे." जरा बघ, एवढंच. पाच महिन्यांनी दादा म्हणाला हो! आणि मी काय म्हटलं? चार माणसं बसली होती, आमच्याच बाजूची. म्हटलं, "मराठीत सांग, मग बॉनेट उघडतो." हसले सगळे. मीही हसलो. त्या हसण्याची लाज वाटते मला, आज पण. तो वळून आत बसला. गाडी फिरवली, गेला, हळद टाकली.

दहा दिवसांनी सकाळी त्याच्या छातीत कळ आली. टॅक्सीवाला माणूस, दुसऱ्याची गाडी कशाला बोलावेल? बायकोला सांगितलं, पित्त झालंय — आणि एकटाच निघाला म्हापशाला डॉक्टरकडे. अस्नोड्याच्या पुढे चढावर गाडी उकळली. डबा घेऊन खाली झरीवर उतरला — छातीत कळ असलेला माणूस, पात्राव! — आणि पाणी भरून वरही आला. लोकांनी पाहिलं तेव्हा डबा भरलेला, सरळ उभा होता. तो शेजारी आडवा. चार दिवसांनी गोवा राज्य झालं, बाजारात फटाके वाजले, आमच्याकडे सुतक.

माझी चूक नाही असं म्हणू नका. चंद्रावतीही तेच म्हणते. दर रविवारी जातो मी तिच्याकडे, चहा देते, एक वाकडा शब्द नाही. फक्त — तेव्हापासून ती माझ्याशी मराठीत बोलते. शुद्ध. मुलांशी, शेजारणीशी आमच्याच बोलीत, आणि मी उंबऱ्यात आलो की, "यावं भावोजी, बसावं." परक्या पाहुण्याला म्हणतात तसं. परवाच्या रविवारी मी म्हटलं, "चंद्रावती, आमच्या भाशेन उलय गो." तिने कप समोर ठेवला. म्हणाली, "साखर बरोबर आहे ना?"

उठा आता. पणजीची बस येईल. गाडी बुधवारी न्या.