दमलेल्या हाताची करवत

...नाही, पण मला सांगा, करवत घ्यायच्या दिवशी कपाट हलवायचं काही कारण होतं का? होतं का? सकाळी चहाचा कप तोंडाला लावतोय, तोच आमची ही म्हणते, "अहो, ते कपाट जरा पलीकडच्या खोलीत घ्या." एकट्याने! आत तिच्या आईच्या वेळची पितळी भांडी! घेतलं. मग, "माळ्यावरच्या ट्रंका खाली काढा." काढल्या. मग म्हणे, "नको, वरच बऱ्या होत्या." चढवल्या! मी बोललो काही? एक अक्षर नाही! कारण दुपारी दुकानात जायचं होतं, चेनसॉ आणायला! पेट्रोलवर चालणारी, दोरी ओढली की गुरगुरणारी... तुम्हाला सांगतो, वर्षभर स्वप्नात येत होती ती!

हौस म्हणून नव्हे हो. आमच्या घरी थंडीत शेगडी पेटते ती लाकडावर. गेल्या साली कुऱ्हाड चालवताना माझी कंबर धरली, ती अशी धरली की डॉक्टरीणबाईंनी बोटच रोखलं, "पुन्हा असं झालं तर लाकडाला हात लावायचा नाही. विकत आणा." विकत! माझ्या घरची ऊब मी बाजारातून आणू? म्हणजे ही करवत चुकली की कंबर गेली, आणि कंबर गेली की अंगणातली माझी सद्दी संपली!

त्यात आमचे साडू फोनवर, नाकातून, "हे बघा, घ्यायची तर वीस इंची घ्या! बघणारा हबकला पाहिजे!" मला पटलं. का नाही पटणार? मलाही हबकवायचंच होतं!

बरं, निघालो. गाडी दारात उभी, तर ही म्हणते, "चालत जाऊ." चालत! वाटेत हिने बटाटे घेतले, पिशवी माझ्या हातात. कांदे घेतले, दुसऱ्या हातात. दुकान चढावर. मी बोललो काही? एक अक्षर नाही! बोलायला श्वास कुठे होता?

दुकानात तीन मशिनी मांडलेल्या. धाकटी, मधली, थोरली. दुकानदार खुलला, "साहेब, तुमच्या पर्सनॅलिटीला मोठीच शोभणार!" माझी छाती ही एवढी! तेवढ्यात हिने पर्समधून मोजून कापलेली सुतळी काढली. "हा आमचा सगळ्यात जाड ओंडका," म्हणाली आणि ती सुतळी एकेका मशिनीच्या दातेरी पट्टीला लावून बघायला लागली. धाकटीची पट्टी तोकडी पडली. मधली पुरून थोडी उरली. मी मात्र थोरलीकडेच बघतोय. "धरून बघा की," ही म्हणाली. गोड आवाजात! तिथेच ओळखायला हवं होतं...

उचलली. आणि अहो, माझे हात असे थरथरायला लागले, की दुकानदार घाबरून म्हणाला, "साहेब, चालू कशी झाली?" बंद होती हो! मी थरथरत होतो! कमरेतून बारीकशी कळही निघाली.

"ठेवा. आता ही धरा." मधली. काय सांगू तुम्हाला... हात तेच, दमलेले, पण ती अशी अलगद बसली!

तेव्हा ही हळूच म्हणते, "दुकानात ताजातवाना माणूस काय वाट्टेल ते उचलतो. पण शेवटचा ओंडका कापताना तुम्ही असे असणार. म्हणून असंच दमवून आणलं तुम्हाला."

कपाट! ट्रंका! बटाटे! सगळं ठरवून! अहो, इंजिनिअरांची पलटण बसवा, त्यांना सुचेल का हे? काय डोकं आहे बाईचं! मला तिथेच, भर दुकानात, भरून आलं. मी बोललो काही? एक अक्षर नाही, सरळ मधलीचे पैसे मोजले!

अख्ख्या थंडीची लाकडं मी कापली, मी रचली. कंबर ठणठणीत! साडूंनी स्वतः घेतलेली वीस इंची मशीन मात्र चादर पांघरून झोपलीय, दोन ओंडक्यांतच त्यांचे खांदे भरून आले.

फक्त एक झालंय. परवा सकाळी ही म्हणाली, "अहो, पाण्याची टाकी घासा, मग गच्चीवरच्या कुंड्या खाली आणा, आणि ते कपाट परत जागेवर न्या." मी बाह्या सरसावल्या आणि एवढंच म्हटलं, "दुकान किती वाजता उघडतं?"